अध्यक्षाचं दुसरं मत

सोमवारी अकरा वाजता मिटिंग होती आणि शुक्रवारपासूनच वच्छलाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मिटिंग काही नवी नव्हती. सावली गावाबाहेर, मूल गावाला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि त्याच्या ऑफिसात वर्षातून चार-पाच वेळा ती भरायची. वच्छलाबाई कंपनीच्या अध्यक्ष होत्या, पण कागदावर. महिलेच्या नावानं उद्योग असला की सरकारी योजनेत सवलत मिळते, म्हणून बाबुलालभाऊंनी कारखाना उभारताना बायकोला अध्यक्ष केलं. पुढे धाकट्या प्रफुलचं लग्न झालं तेव्हा त्याच्या बायकोला, दामिनीलाही संचालक करून घेतलं. थोरली सून नूतन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरीमुळे तिचं नाव घालता येत नव्हतं. मिटिंगमध्ये थोरला धनराज बोलायचा, प्रफुल मान हलवायचा, आणि शेवटी चंद्रपूरहून आलेला सी.ए. कुलदीप जिथं बोट ठेवील तिथं वच्छलाबाई सही करायच्या. बाबुलालभाऊंना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी यात काही बदललं नव्हतं.

बदललं ते त्या शुक्रवारी. सकाळीच दामिनी म्हणाली, "आई, जरा कारखान्यात चला माझ्यासोबत. वारलूकाकांना तुम्हाला काही दाखवायचं आहे."

वारलू पंधरा वर्षांपासून मशीन सांभाळत होता. धानोऱ्याकडचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं दोघींना मागच्या अंगणात नेलं. तिथं भिंतीला लागून लोखंडी पाइपांच्या रांगा होत्या, वरून पाणी ठिबकत होतं. याच पाइपांतून अमोनियाचा गॅस फिरतो आणि बर्फ जमतो, एवढं वच्छलाबाईंना माहीत होतं. वारलूनं गंधक लावलेली एक काडी पेटवली आणि एका सांध्याजवळ धरली. काडीचा धूर एकदम दुधासारखा पांढरा झाला.

"जिथी ग्यास फुटते तिथी धूर असा होते, बाई," वारलू म्हणाला. तो पुढं सरकला. पुन्हा पांढरा धूर. आणखी पुढं, आणखी एकदा. "मागच्या उन्हाळ्यात दोन ठिकानी होता. आता अकरा ठिकानी हाये. पट्ट्या मारून चालवून राह्यलो. पण पट्टीखालचा पाइपच खाऊन गेला त पट्टी कायले धरन?"

दामिनीनं ब्रह्मपुरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "एक पाइप जरी धडाक्यानं फुटला ना आई, तर डोळे उघडता येणार नाहीत, श्वास घेता येणार नाही. भिंतीच्या पलीकडं चाळीस घरं आहेत. नागपूरचे लोक येऊन सगळे पाइप बदलून देतात. अठरा दिवस कारखाना बंद ठेवावा लागेल."

"मंग ठेवू ना. पावसाळ्यात ठेवू."

"धनराजदादांचंही तेच म्हणणं आहे. पण त्यांनी रायपूरच्या व्यापाऱ्याशी बोलणं केलं आहे. महिनाभर दिवसरात्र मशीन चालवायची, एक दिवसही थांबवायची नाही. सोमवारी त्याचाच ठराव आहे."

घरी येताना वच्छलाबाईंना नाकात बारीक झोंबल्यासारखं वाटत राहिलं. घरी आल्यावर त्यांनी लुगडं बदललं, तोंड धुतलं. तरी झोंबणं गेलं नाही. खरंच वास येतोय की मनाचा खेळ, ते त्यांना कळेना.

शनिवारी दुपारी धनराज जेवायला आला. जेवण झाल्यावरही तो उठला नाही, आईजवळ बसून राहिला.

"माय, दामिनीनं तुले पाइप दाखवले म्हणे."

"दाखवले."

"मी काही आंधळा नाई. मलेई दिसते." त्याचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "पण हा मे महिना हाये. तलाव आटून राह्यले, सात मच्छीमार सोसायट्यायच्या मासोळ्या याच महिन्यात निघतेत. आपला बर्फ नाई गेला त ते ढिवर मासोळ्या कुठी टाकतीन? दोन घंट्यात सडते मासोळी. तुयेच लोक हायेत ते. सालभर जाळं घेऊन पान्यात उभे राह्यतेत अन् या महिन्यात चार घास कमावतेत. दामिनी शिकलेली हाये, मी नाई म्हनत नाई. पण तिनं कधी बर्फ विकला काय?"

 तो बोलला त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती.

"तू फक्त सही कर, माय. पाऊस लागला का पह्यलं काम पाइपायचं. तुयी शपथ."

संध्याकाळी प्रफुल आला. तो दारातूनच म्हणाला, "माय, मी दादाच्या विरोधात हात वर नाई करू शकत. बाबूजी तलावावर राह्यत, तवा दादानं माही फी भरली, मले चंद्रपूरले ठेवलं."

"अन् तुही बायको?"

"तिचं ती पाहीन." मग खाली बघत म्हणाला, "घरात दोन दिवसांपासून बोलनं बंद हाये. तूच दोघायची समजूत काढ ना."

समजूत काढ. जन्मभर वच्छलाबाईंनी तेच केलं होतं. नवऱ्याची आणि दिराची, मुलामुलांची, सुनासुनांची. कोणी त्यांना विचारलं नव्हतं की बाई, तुला काय वाटतं.

आणि वाटायला त्यांना पुष्कळ वाटत होतं. हा धंदा बाबुलालभाऊंनी उभा केला असं सगळे सांगत, भाऊ स्वतःही तसंच सांगत. पण टोपली डोक्यावर घेऊन व्याहाडच्या, मूलच्या बाजारात बसायच्या त्या. दुपार झाली की रोहूचे डोळे पांढरे पडायचे आणि बाया भाव पाडून मागायच्या. एकदा त्यांनी शरबतवाल्याकडून बर्फाचा तुकडा घेतला, पोत्यात गुंडाळून मासोळ्यांखाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत ताजा माल विकला. त्या दिवशी घरी येऊन त्याच म्हणाल्या होत्या, "बर्फ पाह्यजे जी. मासोळीपेक्षा बर्फच विकू आपुन." भाऊ हसले होते. दोन वर्षांनी तीच गोष्ट त्यांनी चारचौघांत स्वतःची म्हणून सांगितली, आणि वच्छलाबाई चहा द्यायला आत गेल्या होत्या.

रविवारी सकाळी त्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत गेल्या. तिथं अंजनाबाई राहायची. बौद्ध मोहल्ल्यातली, बाजारात शेजारी बसून भाजी विकणारी जुनी मैत्रीण. तिच्या अंगणाची एक बाजू म्हणजे कारखान्याचीच भिंत. अंजनाबाईची नात आचल त्या भिंतीच्या सावलीत बसून पुस्तक वाचत होती. पाइपांवरचं पाणी ठिबकल्याचा आवाज इथवर येत होता.

वच्छलाबाईंनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "इथी वास येते काय व, ग्यासचा?"

"पह्यले येत होता," अंजनाबाई म्हणाली. "डोळे चुरचुरत. आता नाई येत. सवय झाली म्हना, का नाकच मेलं म्हना." ती हसली. "आचलले मात्र खोकला राह्यते. डॉक्टर म्हनते धुळीचा हाये."

वच्छलाबाईंना तिथं बसवेना. चहा अर्धा ठेवून त्या उठल्या. घरी येऊन त्यांनी दार लोटून घेतलं आणि कुलदीपला फोन लावला.

"कुलदीप, मी सही नाई केली त काय होते?"

कुलदीपनं हिशेब मांडला. "काकू, चार संचालक आहेत. धनराजभाऊ आणि प्रफुलभाऊ एकीकडे, दामिनीताई दुसरीकडे. तुम्ही ताईंच्या बाजूनं गेलात तर दोन-दोन होतात."

"मंग?"

"मग अध्यक्षाचं दुसरं मत असतं. आपल्या कंपनीच्या नियमांतच तसं लिहिलं आहे. बरोबरी झाली तर अध्यक्ष म्हणेल ते."

"म्हंजे मी म्हनीन ते?"

"हो काकू."

"हे मले आजपर्यंत कोनी काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही कधी," कुलदीप म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नसावं. "चुकलंच माझं."

वच्छलाबाईंनी फोन ठेवला. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की आपल्या हातात काही नाही, आणि त्यातच एक आसरा होता. आता तोही गेला. सही केली आणि पाइप फुटला तर अंजनाबाईच्या अंगणात काय होईल, ते डोळ्यांपुढं येत होतं. सही नाही केली तर सात तलावांच्या काठावर सडणाऱ्या मासोळ्या दिसत होत्या आणि थोरला मुलगा घराबाहेर पाऊल टाकताना दिसत होता.

सोमवारी ऑफिसात पंखा जोरात फिरत होता तरी सगळ्यांना घाम येत होता. पलीकडे मशीनची धडधड चालूच होती. धनराजनं ठराव वाचला. दामिनीनं तिचा कागद वाचला: अकरा ठिकाणं, प्रत्येकाचा फोटो, नागपूरच्या तंत्रज्ञाचं पत्र. वाचताना तिचा आवाज दोनदा फाटला, पण तिनं कागद पुरा केला.

"झालं?" धनराज म्हणाला. "आता मी विचारतो. अठरा दिवस मासोळ्या कुठी ठेवू? तुया कागदात हाये काय त्याचं उत्तर?"

दामिनीनं कागद पुन्हा एकदा चाळला आणि खाली ठेवला. 

"घ्या मत," धनराज कुलदीपला म्हणाला.

धनराजनं हात वर केला. प्रफुलनं टेबलाकडे बघत अर्धा हात उचलला. विरोधात दामिनीचा एकटीचा हात होता. मग सगळे वच्छलाबाईंकडे वळले. पेन त्यांच्यापुढं आधीच ठेवलेलं होतं.

 त्यांनी पेन बाजूला सरकवलं आणि हात वर केला.

"मी दामिनीच्या बाजूनं हाये. अन् कुलदीप, ते माहं दुसरं मतई तिकडंच लिह्य."

कुलदीपनं रजिस्टरात आकडा लिहिला. मग धनराज हसल्यासारखं करून म्हणाला, "माय, तुले समजते काय तू काय करून राह्यली?"

"समजते. बंद झाल्यावर बर्फ कुठून आनाचा, ते मी पाहीन."

"कुठून आनशीन?"

"मूलवरून. वामनरावाकडून."

धनराज ताडकन उभा राहिला. वामनराव म्हणजे मूलच्या बर्फ कारखान्याचे मालक. बाबुलालभाऊंचं आणि त्यांचं वीस वर्षं वैर. गिऱ्हाइकं फोडण्यावरून एकदा भर बाजारात हातघाई झाली होती. भाऊंच्या मयतीलाही वामनराव आले नव्हते. "बाबूजीच्या दुश्मनाच्या दारात जाशीन? मंग हा कारखाना तूच चालव, माय. तू अन् तुही सून." तो निघून गेला. संध्याकाळी नूतनला आणि लेकरांना घेऊन तो घुग्घुसला, सासुरवाडीला गेला. शाळेला सुट्टीच होती. जाताना नूतन पाया पडली. धनराज गाडीतच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई दामिनीला घेऊन मूलला गेल्या. वामनराव ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी लवकर ओळखलं नाही, आणि ओळखलं तेव्हा उठले नाहीत.

"वच्छलाबाई? इकडं कुठी?"

"वामनभाऊ, अठरा दिवस बर्फ पाह्यजे. सात सोसायट्यायचा."

वामनरावांनी बसायला सांगितलं नाही. "बाबुलालनं मले बाजारात काय म्हटलं होतं, आठोते तुमाले?"

"आठोते. तुमी त्यायले काय म्हटलं तेई आठोते." वच्छलाबाई म्हणाल्या. "मी त्या भांडनाची माफी मांगाले नाई आली. आमचे पाइप खराब झाले. लोकायच्या घराले लागून हायेत म्हनून मशीन बंद करून राह्यलो. तुमीई हेच मशीन चालवता. तुमाले वेगळं सांगाची गरज नाई."

ते ऐकून वामनरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. "मायाकडंई झालं होतं असं. दोन तपं झाली त्याले," ते शेवटी म्हणाले. "एक पोरगा गेला होता कामावरचा. पाइप नव्हता फुटला, नुसता वाल्व उडाला होता." मग आत बघून त्यांनी माणसाला हाक मारली. "देतो बर्फ. पन भाव माहा राहीन. अन् दोन सोसायट्या मायाकडं वळल्या त बोंबलू नका."

"नाई बोंबलत," वच्छलाबाई म्हणाल्या.

पुढचे अठरा दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. पहाटे वामनरावांचा ट्रक येई, कधी उशिरा, कधी लाद्या अर्ध्या वितळलेल्या. त्या आणि प्रफुल तलावातलावावर फिरत. प्रफुल आता न सांगता गाडी काढू लागला होता. बोलत मात्र कमीच होता. एका तलावावर बर्फ दुपारी पोचला तेव्हा काठावर मरळ आणि कतला आंबून गेले होते. तिथली एक म्हातारी जाळं झटकत म्हणाली, "बाबुलालभाऊ असते त असं नसतं झालं." वच्छलाबाई ते ऐकून खाली बसल्या आणि तिच्यासोबत चांगल्या मासोळ्या वेगळ्या काढू लागल्या.  रायपूरचा व्यापारी दुसरीकडे गेला. दोन सोसायट्या खरंच वामनरावांकडे वळल्या.

रोज दुपारी त्या धनराजला फोन लावत. तो उचलत नसे. नूतन उचले आणि म्हणे, "जेवले आहेत, आई. बरे आहेत." तेवढ्यावर दिवस जाई.

नागपूरच्या लोकांनी आधी सगळा गॅस टाकीत ओढून घेतला, मग पाइप कापायला सुरुवात केली. दामिनी दिवसभर तिथंच असे. तिसऱ्या दिवशी तिनं सासूला बोलावलं. कापलेल्या पाइपांचा ढीग पडला होता. वच्छलाबाईंनी वाकून बघितलं. पुष्कळसे पाइप जाडजूड, धड होते. चार मात्र आतून खाल्लेले, आणि त्यांतल्या एकाच्या पोटाला वारलूनं हातोडीचं टोक लावलं तर ते कागदातून जावं तसं आत गेलं.

"हा कवा फुटला असता, वारलू?"

"काय सांगू बाई. उद्या फुटला असता. नाईतं दिवाळीले."

त्यापेक्षा जास्त कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. वच्छलाबाईंना वाटलं होतं की पाइप बघितले की जीव थंड होईल, आपण बरोबर होतो की चूक ते एकदाचं ठरेल. तसं काही झालं नाही.

एकोणिसाव्या दिवशी मशीन सुरू होणार होती. आदल्या दिवशी फोन धनराजनंच उचलला. वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी चालू होऊन राह्यली. ये." त्यानं फोन लगेच ठेवला नाही.

तो आला. मोटारसायकलवर, एकटा, अंगावर घुग्घुसच्या रस्त्याची कोळशाची काळी धूळ.  सरळ ढिगाजवळ गेला, तो खाल्लेला पाइप उचलला, बोटानं दाबून बघितला, उलटा करून बघितला.

"पावसापर्यंत टिकला असता," तो म्हणाला.

"टिकलाही असता, दादा," दामिनी म्हणाली.

तिनं वाद घातला नाही म्हणून की काय, तो तिथंच उभा राहिला. मग त्यानं वारलूच्या हातातून गंधकाची काडी घेतली आणि नव्या पाइपांचा एकेक सांधा स्वतः तपासला. वच्छलाबाई लांब उभ्या राहून काडीचा धूर बघत होत्या.  शेवटच्या सांध्यापर्यंत धूर निळसरच राहिला. त्या दिवशी धनराज घरी जेवला नाही. आठवड्यानं नूतन आणि लेकरं परत आली, तेव्हा तोही आला.

पुढची मिटिंग जूनच्या शेवटी झाली. दामिनीनं मत्स्यबीजाचं केंद्र काढायचा प्रस्ताव मांडला. धनराज म्हणाला, "मले पटत नाई. पान्याची सोय कुठी हाये? कागद दाखव." दामिनीनं कागद पुढं केला, त्यानं त्यातल्या दोन चुका काढल्या, तिनं एक मान्य केली आणि दुसरीवर अडून बसली. प्रफुल यावेळी बायकोच्या बाजूनं एक वाक्य बोलला आणि स्वतःच दचकला. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कोणी न विचारता म्हणाल्या की केंद्र यंदा नको. आधी गेलेल्या दोन सोसायट्या परत आणू, त्यासाठी मी स्वतः जाईन. दामिनीचा चेहरा उतरला. धनराजनं चमकून आईकडे बघितलं.

मिटिंग संपताना कुलदीपनं रजिस्टर पुढं केलं आणि सवयीनं सहीच्या जागी बोट ठेवलं.

"थांब," वच्छलाबाई म्हणाल्या. "काय लिह्यलं ते वाच पह्यले. मराठीत वाच."

कुलदीप वाचू लागला. मधे एक वाक्य आलं: "अध्यक्षांनी आपलं मत मांडलं."

"एवढंच?" वच्छलाबाई म्हणाल्या. "काय मत मांडलं, ते लिह्य."

कुलदीपनं पेन उघडलं.